चाके नसलेले शहर आणि पडद्यावरचा उद्या

व्हेनिसच्या रेल्वे स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्या की समोर रस्ता नसतो, पाणी असते. रिक्षा नाही, मोटार नाही, सायकलही नाही. बसची जागा ‘व्हापोरेत्तो’ नावाच्या बोटीने घेतली आहे. रुग्णवाहिका, अग्निशामक दल, पोलीस, कचरा, भाजीपाला, एवढेच काय, अखेरचा प्रवाससुद्धा बोटीतूनच. शंभराहून अधिक बेटे आणि चारशेवर पूल असलेले इटलीतले हे शहर हजार वर्षांहून जुने आहे. तरी प्रथम पाहणाऱ्याला ते एखाद्या विज्ञानकथेतले वाटते. चित्रपटवाल्यांना त्याची भुरळ पडते ती यामुळेच. इथे कालचे शहर आणि उद्याचे शहर एकाच चौकटीत मावतात.

सिनेमाशी या शहराचे नाते जुने. लिदो बेटावरचा चित्रपट महोत्सव 1932 साली सुरू झाला. 1937 मध्ये तिथे आपला मराठी ‘संत तुकाराम’ दाखवला गेला आणि नावाजला गेला. प्रभातच्या या चित्रपटाचे दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. कोल्हापूरकडचे ‘साहेबमामा’ फत्तेलाल यांचे हे काम आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

1979 साली व्हेनिसचा गोंडोला दोन तऱ्हांनी पडद्यावर आला. ‘द ग्रेट गॅम्बलर’मध्ये अमिताभ बच्चन आणि झीनत अमान त्यात बसून संथ पाण्यावरून गेले. राहुलदेव बर्मन यांचे ते गाणे अजून अनेक घरांत गुणगुणले जाते. त्याच वर्षीच्या ‘मूनरेकर’ या बाँडपटात तोच गोंडोला आधी मोटारबोट होतो, मग चक्क पाण्याबाहेर येऊन सान मार्कोच्या चौकातून हवेच्या गादीवर धावतो. एकात आठवण होती, दुसऱ्यात यंत्र. पुढच्या चित्रपटांनी यंत्राची वाट अधिक धरली.

‘कॅसिनो रोयाल’मध्ये (2006) हवेच्या फुग्यांवर तोललेला एक वाडा कालव्यात बुडताना दिसतो. प्रत्यक्षात व्हेनिसचे वाडे फुग्यांवर नाहीत, चिखलात ठोकलेल्या असंख्य लाकडी खांबांवर उभे आहेत. त्या गाळात हवा पोहोचत नाही, म्हणून लाकूड शतकानुशतके टिकते. त्यावर दगडाचा थर आणि मग विटांच्या भिंती. जुन्या कारागिरांची ही युक्ती पडद्यावरच्या कोणत्याही यंत्राहून कमी नवलाची नाही.

जुलै 2019 मध्ये ‘स्पायडर-मॅन : फार फ्रॉम होम’ आला. त्यात कालव्यातून पाण्याचा राक्षस उठतो आणि पूल, मनोरे फोडतो. पुढे कळते की तो राक्षस खोटा होता, ड्रोनमधून दाखवलेली निव्वळ नजरबंदी. पण अवघ्या चार महिन्यांनी, 12 नोव्हेंबरच्या रात्री खरे पाणी आले. समुद्राची पातळी 187 सेंटिमीटरवर पोहोचली. 1966 च्या 194 सेंटिमीटरनंतरची ही सर्वांत मोठी भरती. दुकाने, घरे आणि सान मार्कोचे प्राचीन चर्चही पाण्यात गेले. पडद्यावरचे पाणी नायकाने हरवले, खऱ्या पाण्यापुढे नायक नव्हता. बादल्या आणि पंप घेऊन उभी असलेली माणसे होती.

कोकणातल्या वाचकांना उधाण म्हणजे काय ते सांगायला नको. व्हेनिस खाडीसारख्या उथळ खाऱ्या पाण्यात वसले आहे आणि ते पाणी तीन मुखांनी समुद्राला मिळते. या मुखांशी आता ‘मोझे’ नावाचे 78 पोलादी दरवाजे आहेत. एरवी ते पाणी भरून तळाशी आडवे पडलेले असतात. मोठी भरती येणार असे दिसले की आत दाबाने हवा सोडतात, पाणी बाहेर पडते आणि पिवळे दरवाजे वर उठतात. काम 2003 मध्ये सुरू झाले, मध्यंतरी भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटकाही झाल्या. अखेर 3 ऑक्टोबर 2020 रोजी दरवाज्यांनी पहिल्यांदा खऱ्या भरतीला अडवले आणि सान मार्कोचा चौक कोरडा राहिला.

त्याच महिन्यात, कोरोनामुळे पर्यटक नसलेल्या गल्ल्यांत ‘मिशन : इम्पॉसिबल’च्या सातव्या भागाचे चित्रीकरण चालले होते. त्यात एक कृत्रिम बुद्धिमत्ता मित्राचा आवाज काढून नायकाला चुकीच्या गल्लीत वळवते. प्रसंग थरारक आहे. पण मनात राहते ती त्या गल्ल्यांतली शांतता. कारण ती कॅमेऱ्याने घडवलेली नव्हती.

खरा प्रश्न तिथेच आहे. 1951 मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. 2022 मध्ये ही संख्या 50 हजारांच्या खाली गेली. घरांची पर्यटकनिवासे झाली, भाडी वाढली आणि तरुण कुटुंबे पुलापलीकडे गेली. 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. पण त्याने मुलांच्या शाळा आणि वाण्याची दुकाने परत येत नाहीत.

हे शहर मोठे झाले ते येऊन राहणाऱ्यांमुळे. मोठ्या कालव्याच्या काठी ‘फोंदाको देई तुर्की’ हा वाडा आहे. ‘फोंदाको’ म्हणजे अरबीतला ‘फुंदुक’, अर्थात सराई. 1621 पासून दोनशेहून अधिक वर्षे उस्मानी सल्तनतीचे व्यापारी इथे उतरत. माल, मुक्काम आणि नमाजची जागा एकाच छताखाली होती. आज तिथे निसर्गेतिहासाचे संग्रहालय आहे. अरबी लिपीतले कुरआन यंत्रावर प्रथम छापले गेले तेही 1537-38 च्या सुमारास याच शहरात. त्याची आज माहीत असलेली एकमेव प्रत इथल्याच एका बेटावरच्या मठाच्या ग्रंथालयात 1987 मध्ये सापडली. आणि आज व्हेनिसच्या अनेक हॉटेलांच्या मुदपाकखान्यात राबणारे हात बांगलादेशी आहेत. त्यांची बिऱ्हाडे पुलापलीकडच्या मेस्त्रे भागात. चित्रपटांत ही माणसे क्वचितच दिसतात.

रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत 2008 पासून एक आकडा झळकतो. शहरात किती रहिवासी उरले, ते तो सांगतो. वर्षागणिक तो उतरत आला आहे. पुढे मुलांबरोबर व्हेनिसचा एखादा थरारपट पाहाल, तेव्हा राक्षस आणि पाठलाग जरूर पाहा, पण मागच्या खिडक्यांकडेही लक्ष द्या. कुठे वाळत घातलेले कपडे दिसतात का, कुठे दिवा लागतो का. भरती अडवणारे दरवाजे माणसाने बनवले. निघून जाणाऱ्या शेजाऱ्याला थांबवेल असा दरवाजा अजून कुणी बनवलेला नाही.