तोफांविना फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्सच्या मधल्या वस्तीवर आपल्या तोफा चालणार नाहीत, हे सुभेदारसाहेबांनी सांगितलं तेव्हा प्लाटूनमध्ये कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याआधी सांग्रो नदी आणि कॅसिनोखालची गारी नदी ओलांडली ती आमच्या तोफखान्याच्या आधारानं. आधी गोळे पडायचे, मग त्या धुरातून आम्ही पळायचो. तोफेचा आवाज पाठीशी असला की पाय आपोआप उचलतात. आता शहर घ्यायचं, पण मोडायचं नाही. वरच्या नकाशावर हा हुकूम एका ओळीचा असेल. खाली त्याचा अर्थ एवढाच की जे काम गोळ्यानं व्हायचं ते आता माणसानं करायचं.

आम्ही जंगी पलटणीचे, म्हणजे १/५ मराठा लाईट इन्फंट्रीचे. ८ व्या इंडियन डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होतो, शेजारी रॉयल वेस्ट केंटचे गोरे आणि १५ व्या पंजाबची तिसरी पलटण. सप्टेंबर १९४३ पासून फ्लॉरेन्स जर्मनांच्या ताब्यात होतं. आम्ही त्याच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत आलो ते १९४४ च्या जुलैअखेर.

शहर मोडायचं नाही म्हणजे काय, ते मला त्या टेकड्यांतच थोडं कळलं. मोंतेगुफोनी नावाचा एक जुना वाडा आहे. आमची माणसं आत शिरली तेव्हा आसपासच्या खेड्यांतली बायकापोरं तिथं आसऱ्याला होती, आणि भिंतींना टेकवून चित्रं उभी केली होती. बॉम्बच्या भीतीनं उफिझी संग्रहालयातून हलवलेली. एरिक लिंकलेटर नावाचे लेखक आणि बीबीसीचे व्हॉन-थॉमस तिथं आले, त्यांनी ती ओळखली आणि मग आमच्या जवानांचा पहारा बसला. माझ्या पाळीला समोर बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' होतं. तेव्हा नाव ठाऊक नव्हतं. ओच्यात फुलं घेऊन गवतातून अनवाणी चालणारी एक बाई, अंगावरच्या झग्यावरही फुलंच. काच नाही, पडदा नाही, वर बारीक धूळ. माझ्यासारख्या कागल भागातल्या कुळंब्याच्या पोराला चित्रातलं काय कळणार, असं पुढं पुष्कळांनी म्हटलं. मी त्यांना एवढंच सांगतो की त्या बाईच्या अंगावर गोळी जाऊ नये असं मला वाटलं, आणि ते कुणी शिकवावं लागलं नाही.

आर्नो नदीच्या काठी पोहोचलो तेव्हा शहराचे पूल गेलेले होते. ३ ऑगस्टच्या रात्री जर्मनांनी सुरुंग लावले आणि उजाडेपर्यंत एक सोडून सगळे पूल पाडले. राहिला तो पोंते वेक्यो, सोनारांच्या दुकानांचा जुना पूल. पण तो निकामी करायला त्यांनी त्याच्या दोन्ही तोंडांची शेकडो वर्षांची घरं उडवली. दोन-दोन मजले उंच दगडमातीचे ढीग, मध्ये पलंगाचे लोखंडी दांडे, तुटलेले नळ, भिंतीचा एखादा निळा तुकडा. त्या ढिगांत लाकडी पेटीतले सुरुंग पेरलेले. लोखंड शोधणारं यंत्र त्यांच्यावरून फिरवलं तरी बोलत नाही. मग संगीन तिरपी धरून हळूहळू टोचत जायचं. सॅपर लोक पोटावर सरकत ते करत असताना आम्ही मागं बसून वरच्या खिडक्यांवर नजर ठेवायचो.

११ ऑगस्टला पलीकडे शहराच्या घंटा वाजल्या. जर्मन मागं सरकले होते आणि इटालियन पार्टिझन उठले होते. मागं सरकले म्हणजे गेले नव्हते. उत्तरेकडे मुन्योने नावाचा नाला आहे, त्याच्या काठानं त्यांनी फळी धरली. आर्नो आणि मुन्योने यांच्या मधल्या गल्ल्यांत त्यांचे लोक आणि छतांवर फॅसिस्ट बंदूकवाले. आणि त्याच गल्ल्यांत तीन लाखांवर वस्तीचं शहर, वीज नाही, नळाला पाणी नाही, पाव नाही. हे वाचताना लढाईचं मैदान डोळ्यांसमोर आणू नका. भर उन्हाळ्यातला बाजारपेठेचा भाग आणा, दारं बंद, आणि प्रत्येक दाराआड माणसं.

आम्ही नदी ओलांडली ती बंधाऱ्यावरून. ऑगस्टात पाणी उथळ होतं, पण शेवाळ फार. बुटांच्या तळाला खिळे होते, दगडी फरशीवर ते घोड्याच्या टापांसारखे वाजतात, म्हणून गोणपाटाचे तुकडे बांधले होते. पलीकडे लाल रुमालवाली दोन पोरं वाट दाखवायला उभी होती. मिसरूडही फुटलेलं नव्हतं, पण कुठलं अंगण कुठल्या गल्लीला मिळतं ते त्यांना पाठ होतं.

गल्लीत शिरायची रीत ठरलेली असते. दोन्ही कडांनी चालायचं. डाव्या कडेच्यानं उजवीकडच्या वरच्या खिडक्या बघायच्या, उजव्या कडेच्यानं डावीकडच्या. तिथल्या खिडक्यांना आडव्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा असतात आणि उन्हामुळं त्या सगळ्याच मिटलेल्या. बंदूकवाला झडप उघडत नाही. तो मधली एक पट्टी काढतो आणि खोलीत मागं सरून बसतो. म्हणजे नळी बाहेर दिसत नाही, धूर आतच राहतो. शेकडो पट्ट्यांत गेलेली एक पट्टी शोधायची. दुपारनंतर डोळ्यांतून पाणी यायचं. घाम पुसायला मान खाली घातली की हवालदार मागून हळूच शिवी द्यायचा, आणि त्यानं ती दिली म्हणून आमच्यातले काही जण घरी परतले.

एका चौकाच्या आत, अंगणात विहीर होती. बायका बादल्या आणि काचेच्या मोठ्या बाटल्या घेऊन रांगेनं उभ्या राहायच्या, कारण दुसरं पाणी नव्हतं. समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून त्या रांगेवर गोळी यायची. दिवसातून कधीही, एखादीच. आम्ही गेलो तेव्हा फरशीवर बादली आडवी पडलेली होती, आणि तरीही भिंतीला चिकटून रांग होतीच.

ते घर आम्ही शोधलं. रणगाड्यांवर मारायचं पियाट आमच्याकडे होतं. एका बॉम्बमध्ये तो मजला मोकळा झाला असता. पण पार्टिझन पोरगा दोन्ही हात हलवून खाली दाखवू लागला, तळघरात माणसं आहेत म्हणून. घर जुनं, वरचा मजला कोसळला तर खालचे गाडले जाणार. मग जिना. खोलीत शिरण्याआधी हातबॉम्ब टाकायचा, ही शिकवण. इथं त्या पोरानं आधी हाक मारायची, आत कुणी घरचं आहे का ते विचारायचं. आणि हाक मारली की वरच्याला कळतं आपण कुठवर आलो.

माझा जोडीदार पाटण तालुक्यातला. ब्रेनगनचा दोन नंबर, पण त्या दिवशी जिन्यावर पुढं तो होता, स्टेनगन घेऊन. दुसऱ्या वळणावर त्याला गळ्याखाली लागली. मी त्याच्यावरून पुढं गेलो. वरचं काम झालं. खाली आलो तोवर काळा अंगरखा आणि डोक्यावरून काळं टोपरं घेतलेली मिझेरिकोर्दियाची माणसं झोळी घेऊन आली होती. फ्लॉरेन्समध्ये ही मंडळी तोवर सात शतकं आजारी आणि मेलेली माणसं वाहून नेत आली होती, आणि त्या आठवड्यांत त्यांनी आपला-परका पाहिला नाही. त्यांनी त्याला नदीपर्यंत आणलं. पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी आम्ही सरण रचलं. त्याच्या घरचं कुणी नव्हतं, अग्नी मी दिला.

पुढच्या काही दिवसांत गल्ल्या मोकळ्या होत गेल्या, आम्हाला पूर्वेकडच्या डोंगरांत हलवलं आणि हिवाळा गॉथिक लाइन या जर्मन बचावफळीच्या चिखलात गेला. फ्लॉरेन्स तोवर रजेवरच्या सैनिकांचं गाव झालं होतं. रजा मिळाली तेव्हा मी कॅशिने बागेच्या टोकाला गेलो. मुन्योने नाला आर्नोला मिळतो त्या जागी एक छत्री आहे, खाली फेटा बांधलेल्या तरुणाचा पुतळा. आमचे कोल्हापूरचे राजाराम महाराज. शाहू महाराजांच्या आधीचे. विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते याच शहरात वारले, अवघ्या विसाव्या वर्षी. दहनाची तिथं चाल नव्हती, पण नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि संगमावर रात्री चिता पेटली. ज्या नाल्याकाठच्या जर्मनांशी आम्ही झुंजलो, त्याच्याच तोंडाशी माझा राजा जळाला होता, आणि गल्ल्यांत फिरताना मला त्याची दाद नव्हती. मी बूट काढले, मुजरा केला. मनात मात्र सारखा पाटणचा जोडीदारच होता. राजाला छत्री मिळाली, ती मिळायलाच हवी होती. जोडीदाराच्या सरणाच्या जागेवर काय आहे हे मला आजही सांगता येणार नाही, आणि फ्लॉरेन्स कसं वाचलं ते सांगणाऱ्या पुस्तकांत त्याचं नाव असायला हवं असं मी ठासून म्हणतो.

१९४६ मध्ये सुटून आल्यावर त्याच्या गावी गेलो. वडील ओसरीवर बसले होते. तेही जुने सिपाई, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. अग्नी कुणी दिला ते त्यांनी आधी विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्याकडं तोफा व्हत्या न्हवं? मग पोरास्नी फुडं का घातलं?"

"आबा, आत माणसं होती. खाली तळघरात बायकापोरं."

"किती?"

"त्या घरात चाळीसभर असतील. शहरात लाखो."

"माझा एकच व्हता."

मी उत्तर दिलं नाही, पण जिना चढलो ते बरोबर केलं, हे मी तेव्हाही मानत होतो आणि त्यांनी विचारलं असतं तर तसंच सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. उठून आत गेले आणि पेन्शनचा कागद घेऊन आले. सुनेचं नाव त्यात दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लागलं होतं, म्हणून पैसे अडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं ते दुरुस्त करायला साताऱ्याला गेलो.