उमेदवारी

बँकेत चिकटल्यावर पहिले सहा महिने मी प्रोबेशनवर होतो. त्या काळात मी वेळेवर येत असे, वरिष्ठांना हसून नमस्कार करत असे आणि ग्राहकांशी गोड बोलत असे. सहा महिन्यांनी कायम झालो आणि माझी प्रकृती पूर्ववत झाली. त्यामुळे आमच्या कॅशियरसाहेबांचा मुलगा ‘नोव्हिस’ झाला, म्हणजे कॅथलिक संन्याशांच्या एका संघात उमेदवार म्हणून दाखल झाला, असं कळलं तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला, "प्रोबेशन किती?"

"निदान एक वर्ष. जास्तीत जास्त दोन," साहेब नोटा मोजता मोजता म्हणाले.

साहेब मूळचे वसईचे. मुलगा एकुलता एक, इंजिनियर, चाकणच्या कारखान्यात चांगला लागलेला. ती नोकरी सोडून गेला. तेव्हापासून साहेब मशीनने मोजलेल्या नोटा हाताने पुन्हा मोजू लागले.

मी कॉमर्सचा पदवीधर. धर्मातलं मला फारसं कळत नाही, पण नियमावली दिसली की माझी कळी खुलते. चर्चचा कायदा साहेबांकडून समजून घेतला आणि थक्क झालो. उमेदवारीच्या घरापासून 15 दिवसांहून जास्त गैरहजेरी झाली, तर ती भरून काढायची. तीन महिन्यांहून जास्त झाली, मग ती सलग असो वा तुटक, की सगळी उमेदवारीच बाद! आमच्या युनियनने हे वाचलं असतं तर रोमपर्यंत मोर्चा गेला असता. मात्र एक कलम फार उदार आहे. नोव्हिसला वाटेल तेव्हा घरी परत जाता येतं. साहेबांचा सगळा जीव त्या एका कलमात अडकलेला होता.

एका रविवारी ते मलाही बरोबर घेऊन गेले. घराचा पत्ता देत नाही. तुम्ही नेमके त्यांच्या मौनाच्या वेळी जाऊन बेल वाजवाल. कारखान्यांचे पत्रे संपून कांद्याची शेतं सुरू होतात तिथं कुठंतरी आहे, एवढं पुरे. आत चौदा मुलं होती. वसईची, गोव्याची, केरळची, झारखंडची. शेजारच्या कारखान्याची पहिली पाळी सातला, यांची पाचला. घंटा, ध्यान, मिस्सा, नाश्ता, झाडलोट, वर्ग, बाग, पुन्हा प्रार्थना. संध्याकाळी फुटबॉल, त्यात संन्यस्त वृत्ती अजिबात दिसत नाही, असं एकाच्या नडगीवरून कळलं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत महामौन. एका खोलीत चौघं, आणि त्यातला केरळचा घोरतो. घोरण्याने महामौन मोडतं का, हा प्रश्न थेट नोव्हिस मास्तरांपर्यंत गेला होता म्हणे. घोरणं हे बोलणं नव्हे, असा निकाल लागला. बाकी तिघांनी तो मान्य केला आहे, अपिलाची सोय नसल्यामुळे.

साहेबांनी मुलासाठी वसईची सुकेळी नेली होती, त्याच्या आईने बांधून दिलेली. मुलाने पुडी घेतली, हुंगली आणि सरळ जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली. इथं स्वतःचं असं काही नसतं. वीस सुकेळी, तोंडं चौदा. मी तोंडी भागाकार करेपर्यंत सुरी आलीसुद्धा. साहेब पाहत राहिले. मुलाच्या वाट्याला दीड आलं, आणि त्यातलं अर्धं त्याने मला दिलं.

मग मुलं आमच्याभोवती बसली. पैशाशिवाय महिनाभर पायी फिरायचं, मागून खायचं, ही इग्नेशियस लोयोलांनी जेझुइट नोव्हिसांना घालून दिलेली एक परीक्षा, असं एकाने सांगितलं. बँकवाल्याच्या अंगावर काटा आणणारी कल्पना! पण एका बाजूला देहू आणि दुसऱ्या बाजूला आळंदी असलेल्या माणसाला पाकिटाशिवाय चालण्याचं अप्रूप तरी किती वाटणार? ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचणारे इंग्रज फादर स्टीफन्स 1575 साली रोमला असेच नोव्हिस होते. त्यांनीही तिथं झाडू मारला असेलच. नोव्हिसांचे पाठीराखे संत स्टॅनिस्लॉस त्याच घरातले, 1568 साली सतराव्या वर्षी वारले. पोलंडच्या सरदाराचा हा मुलगा व्हिएन्नाहून आधी जर्मनीत आणि तिथून रोमला गेला, बराचसा पायीच.

"एवढं चालायचं कारण?" मी विचारलं.

"वडिलांचा विरोध होता," साहेबांचा मुलगा बोलून गेला.

महामौनाला अजून पुष्कळ अवकाश होता, पण ते तिथं जरा लवकरच सुरू झालं. साहेबांनी चष्मा पुसला. झारखंडच्या एका मुलाने प्रसंगावधान राखून चहा आणला.

निघताना कामाचा फळा पाहिला. भांडी, संडास, बाग, कोंबड्या, आणि पुढे नावं. इंजिनियर कोंबड्यांवर होता. भांड्यांपुढचं एक नाव आमच्या मोजणीत बसेना. तो मुलगा आठ दिवसांपूर्वीच घरी गेला होता. वडील आजारी, शेतीला कुणी नाही. एकाने त्याला स्वेटर दिला, दुसऱ्याने बूट. दोन्ही वस्तू संघाच्या, म्हणून आधी मास्तरांची परवानगी काढून.

"मग नाव पुसलं का नाही?"

"पुसलं तर सगळ्या पाळ्या नव्याने लावाव्या लागतील," पाळ्या लावणारा मुलगा आमच्या मॅनेजरच्या चेहऱ्याने म्हणाला.

"त्याची भांडी कोण घासतं?"

यावर कुणी नीट उत्तर दिलं नाही. एकजण म्हणाला, ती सकाळी घासलेलीच असतात.

साहेब त्या फळ्यापुढे बराच वेळ उभे होते. फाटकाशी मुलाला जवळ घेताना त्यांनी त्याच्या खिशात पाचशेची नोट सरकवली. मी पाहिली, पण मी ऑडिट खात्यात नाही. परत येताना नाशिक रस्त्यावर नेहमीसारखी वाहतूक तुंबली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक. साहेब एकदाच बोलले, "तो गेलेला पोरगा पोचला असेल ना हो घरी?"

पुढच्या आठवड्यात बँकेच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत पाचशे रुपयांची रीतसर पावती. क्रमांक, तारीख, शिक्का, ‘आभारपूर्वक पोहोचले’. साहेबांनी ती नोटेसारखी उजेडात धरून पाहिली.

"अक्षर त्याचंच आहे," ते म्हणाले. "सुधारलंय." मग पावती ड्रॉवरमध्ये आईच्या फोटोखाली ठेवली आणि पुढच्या ग्राहकाची स्लिप घ्यायला काचेखालून हात बाहेर काढला.