परदेशातील पंगत

मेहकरात ज्वारी निवडून गिरणीतून ताजी दळून आणता येते. लंडनमध्ये आम्हांला वेम्बलीतील गुजराती दुकानांतून तिचे पीठ मिळते, पण ते दळून बरेच दिवस झालेले असते. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. जुने पीठ तर थापतानाच चिरते. म्हणून आम्ही उकळत्या पाण्यात उकड काढून ते मळतो. ठेच्याच्या मिरच्या भाजताना मात्र खिडकी उघडावीच लागते, नाहीतर धुराची घंटा सारे घर डोक्यावर घेते.

भाकरी साधली, पंगत साधणे अधिक कठीण. दोघांच्या कामाच्या पाळ्या वेगळ्या, मुलांच्या वेळा वेगळ्या. आपल्या वसतिगृहात वंदना होऊन शेवटच्या मुलाच्या ताटात वाढले जाईपर्यंत कुणी घास उचलत नसे. ती शिस्त आम्ही निदान रविवारी पाळतो. मुलांना ती जाचते. ‘गार भाकरी कशाला खायची?’ असे थोरलीने विचारलेच.

तिला आम्ही 10, किंग हेन्रीज रोड येथे नेले. 1921-22 मध्ये बाबासाहेब या घरात राहत असत. महाराष्ट्र शासनाने ते 2015 मध्ये विकत घेतले. विद्यार्थिदशेत ते अर्धपोटी अभ्यास करीत आणि रात्री परिचिताने दिलेल्या पापडांवर भूक भागवीत, हे तिला तिथेच सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्यांच्यासोबत जेवायला कुणीच नव्हतं?”

गेल्या रविवारी भाकऱ्या तिने थापल्या. दोन चिरल्या.