कौल झाला की कळवा

मंडळी, आपल्याकडे गावची यात्रा कधी हे कुणाला विचारावे लागत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे, तिथी मोजावी, झाले. त्याच सवयीने मी मालवणच्या आजींना फोनवर विचारले, "आजी, आंगणेवाडीची जत्रा यंदा किती तारखेला?" आजी खळखळून हसल्या. म्हणाल्या, "तारीख? ती देवीन अजून सांगूक नाय."

या आजींची ओळख झाली ती मे महिन्याच्या सुट्टीत. आम्ही घाटावरची माणसे. मुलांनी समुद्राचा हट्ट धरला, म्हणून एस.टी.ने फोंडा घाट उतरून मालवणला गेलो. आजी आपल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि जेवूही घालतात. चार दिवस आम्ही तारकर्लीच्या वाळूत भाजून निघालो. मुले खूश होती, पण मला मात्र गाव काही दिसले नाही. दिसली ती आपल्यासारखीच बाहेरून आलेली माणसे. निघताना आजींनी विचारले, "मे महिन्यात काय बघतलात? वाळू? जत्रेक येवा."

तेव्हापासून आमच्या घरात कोकणाची वाट पाहणे सुरू झाले. आपल्या घरी गोठा असतो, धारा काढायच्या असतात. चार दिवस दाराला कुलूप लावणे सोपे नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे? माझ्या वडिलांनी समुद्र पाहिलाच नाही. "एवढी सुगी निघू दे, मग जाऊ," असे म्हणता म्हणता त्यांच्या सगळ्या सुग्या निघून गेल्या. म्हणून आता आमच्या शेतातली कामे आणि तिकडचे सण मी शेजारी शेजारी मांडून पाहतो. कुठे फट सापडते का, ते शोधतो.

पहिली फट श्रावणात. पेरण्या होऊन पिके गुडघ्याला आलेली असतात आणि भांगलणीतून दोन दिवस काढता येतात. नारळी पौर्णिमा त्याच दिवसांत येते. जून-जुलैत माशांच्या विणीचा काळ असतो, म्हणून यांत्रिक नौकांना सरकारी बंदी असते. १ जून ते ३१ जुलै असा हा काळ राज्यात पाळला जातो. पण कागदावरची बंदी उठली तरी समुद्राला नारळ दिल्याशिवाय दर्यात होडी घालायची नाही, हे जुन्या मच्छीमारांचे मन. आपण बी पेरण्याआधी चाड्याची पूजा करतो, त्यातलेच हे.

मालवणला त्या दिवशी बाजारपेठेतून मानाचा नारळ वाजतगाजत बंदरावर येतो. ही चाल शिवकाळापासूनची म्हणून सांगतात. समोरच सिंधुदुर्ग किल्ला उभा असतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचे काम सुरू झाले आणि १६६७ साली तो पुरा झाला. चारी बाजूंना खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. विहीर खणताना ज्याचे हात दुखले आहेत, त्याला या विहिरींपुढे उभे राहिल्यावर काय वाटेल ते शब्दांत सांगता येणार नाही. मात्र एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. श्रावणात गेलात तर किल्ला काठावरूनच पाहायचा. विहिरी पाहायच्या असतील तर दिवाळीनंतर जावे.

बंदरावर नारळ लढवतात, ती गंमत तर पाहण्यासारखी. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका द्यायचा. ज्याचा फुटला तो हरला. आता बायकांच्याही अशा स्पर्धा होतात. नारळ निवडताना जाणती माणसे तो कानाशी धरतात, नखाने टिचकी मारतात आणि करवंटी जाड की पातळ ते ओळखतात. आपण बाजारात बैलाचे दात पाहतो, तसेच हे.

गणपतीत मात्र पर्यटक म्हणून जाऊ नये, असे माझे मत आहे. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि वर्षभर बंद असलेली घरे उघडतात. गणपतीवरच्या माटवीला रानातली फळे-फुले बांधायची, रात्री भजने, बायकांच्या फुगड्या. ते त्यांचे घरचे दिवस आहेत. कुणी बोलावले तर जरूर जा. न बोलावता जागा शोधत हिंडलात तर आपलीच फजिती होईल.

दुसरी फट कार्तिकानंतरची. शाळू-हरभऱ्याची पेर झालेली असते, सोंगणीला अवकाश असतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला तिकडे देवळादेवळांतून जत्रा सुरू होतात. त्यांना दहीकाला म्हणतात, आणि रात्रभर दशावतारी नाटक होते. आम्ही एका लहान गावात ते पाहिले. देवळापुढे मांडव, बसायला एक बाकडे, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. बस्स, एवढाच संसार. नाटकाची लिहिलेली वही नसते. आज कोणती कथा करायची ते आधी ठरते आणि भाषणे नट तिथल्या तिथे रचतात. स्त्रियांची कामेही पुरुषच करतात. रंग लावताना ज्याला मी पाहिले, तो दिवसा भातझोडणीला जाणारा गडी होता. मध्यरात्री तोच इंद्र होऊन असा काही गरजला की माझी धाकटी मुलगी मांडीवर दचकून उठली. पहाटे दहीहंडी फुटते, काला वाटतात. बाहेर दुकानांतून आले-गुळाचे खाजे मिळते. ते आणायला विसरू नका, आठ दिवस टिकते.

आणि याच भागात गावपळण होते. आचऱ्याची गावपळण विशेष प्रसिद्ध आहे. काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव घरे सोडून वेशीबाहेर जातो. गुरे, कुत्री, मांजरे, कोंबड्या, सगळे बरोबर. सर्व जातिधर्मांची माणसे तीन दिवस आणि तीन रात्री झोपड्या घालून राहतात. मग पुन्हा कौल घेऊन परततात. तिथे जायचे मनात आले तर आधी चौकशी करा, आणि रिकाम्या गावात फोटो काढायला शिरू नका. देवाने माणसांना बाहेर काढले ते आपल्याला आत जाता यावे म्हणून नव्हे.

आंगणेवाडीची जत्रा मसुरे गावातली, भराडी देवीची. तिला ठरलेली तिथी नाही. दरवर्षी देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, बहुधा फेब्रुवारीच्या सुमारास. तारीख जाहीर झाली की मुंबईत धांदल उडते आणि रेल्वे जादा गाड्या सोडते. जत्रा दीड दिवसाची, पण गर्दी लाखांची. देवीला ताटे लावतात, प्रसाद होतो. लहान मुले घेऊन जाणाऱ्यांनी मात्र विचार करावा. त्यापेक्षा महाशिवरात्रीला देवगड तालुक्यातले कुणकेश्वर बरे. तिथे लाटा देवळाच्या पायथ्याशी येतात आणि गावोगावचे देव समुद्रस्नानाला येतात. तिथेही गर्दी असतेच, पण दिवस आधी ठाऊक असतो, सोय लावता येते.

आंगणेवाडीला आम्ही दोनदा निघता निघता राहिलो. एकदा तारीख कळली ती नेमकी शाळू काढणीला आलेला असताना, आणि एकदा म्हैस व्यायला टेकली होती. आजींना फोन करून सांगितले तर म्हणाल्या, "म्हशीचो कौल पण कौलच मां!"

यंदा मात्र श्रावणच पक्का केला आहे. आईचे वय झाले, गुडघे दुखतात. काठावर खुर्ची टाकून बसली तरी तिला समुद्र दिसेल. शेजारच्या घरी गोठ्याचे सांगून ठेवले आहे. त्यांची म्हैस आम्ही दिवाळीत सांभाळू. आजींकडे खालची खोली मागितली आहे, म्हणजे तिला जिना चढायला नको. आई रोज एक नवा प्रश्न काढते. काल विचारत होती, समुद्राला वाहायचा नारळ इथून न्यायचा, की तिकडे मिळेल?