घर पाहावे मांजरासाठी

अ‍ॅम्स्टरडॅमला जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर काय सांगायचे, हे आता ठरून गेले आहे. ट्यूलिपची शेते सांगायची, पवनचक्क्या सांगायच्या, रेम्ब्रांटचे भिंतभर चित्र सांगायचे आणि पाठीमागून सायकलची घंटा वाजताच आपण कसे दचकलो, हे शेवटी राखून ठेवायचे. आम्ही उभयतांनी हे सारे यथासांग पाहिले. दचकलोही. पण नव्वद दिवसांच्या त्या मुक्कामातले माझ्या मनात राहिले ते एक पुठ्ठ्याचे खोके आणि त्या खोक्यातून रोखून पाहणारे दोन पिवळे डोळे.

लेकीचे बिऱ्हाड अ‍ॅम्स्टरडॅमला खेटून असलेल्या अ‍ॅम्स्टलवेन गावात. इथे हिंदुस्थानी कुटुंबे इतकी, की पहिल्याच दिवशी ट्रामच्या थांब्यावर ‘अगं, कोथिंबीर विसरलीस ना?’ असे शब्द कानावर आले आणि आमच्या सौभाग्यवतींचा प्रवासाचा शीण तिथेच उतरला. लेक आणि जावई दोघेही नोकरीला, नात सहा वर्षांची. आल्या आल्या तिने आजोबांपुढे अर्ज ठेवला. तिला मांजर हवे होते. आईबाबांनी तो दोनदा नामंजूर केला होता. म्हणून आता वरच्या कोर्टात अपील!

मी म्हटले, ‘आधी मांजरे पाहू तर खरी.’ आणि मांजरे पाहायची तर या शहरात चक्क बोटीवर जावे लागते.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या मध्यवर्ती स्टेशनातून बाहेर पडून उजव्या अंगाला थोडे चालले की सिंगेल नावाचा कालवा लागतो. एके काळी हा शहराभोवतीचा खंदक होता. शहर वाढले आणि खंदक पोटात गेला. दोन्ही काठांना उंच, अरुंद, किंचित पुढे झुकलेली घरे. प्रत्येकाच्या माथ्यावर एक आकडा. जिने इतके चिंचोळे, की कपाट घरात न्यायचे तर आकड्याला दोर लावून खिडकीतून वर ओढायचे. याच कालव्यात एका काठाला ‘पूझनबोट’ बांधलेली आहे. डच भाषेत मांजराला ‘पूस’ म्हणतात. पूझनबोट म्हणजे मांजरांची बोट.

हिचा इतिहास मोठा घरगुती आहे. १९६६ साली हेन्रिएट व्हान वील्ड नावाच्या बाईंना आपल्या घरासमोरच्या झाडाखाली एक मांजरी पिलांसकट पावसात आसरा शोधताना दिसली. बाईंनी तिला घरात घेतले. ही वार्ता मांजरांमध्ये कशी पसरली कोण जाणे, पण घर भरले, गच्ची भरली. शहरात जागा मिळेना, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की या गावात माणसे बोटीत संसार करतात, मग मांजरांनी का करू नये? १९६८ साली जुनी बोट घेतली आणि तिथे मांजरांचा तळ पडला. १९८७ साली रीतसर धर्मादाय संस्था झाली. आजही बेवारशी मांजरांना सांभाळायचे, औषधपाणी करायचे आणि चांगले घर शोधून द्यायचे, हे काम तिथे चालते. ज्यांना घर मिळणे शक्यच नाही, अशी काही तिथेच कायमची राहतात. पाहायला तिकीट नाही. जाताना पेटीत यथाशक्ती टाकावे.

बोटीवर पाऊल ठेवताच नातीचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. टोपलीत मांजर, फळीवर मांजर, खिडकीच्या कट्ट्यावर मांजर. पलीकडे जाळी लावलेल्या भागात एक लठ्ठ बोका पाण्यातल्या बदकांकडे, परवडत नसलेल्या दागिन्याकडे पाहावे, तसा पाहत होता. ज्या देशात २००६ साली प्राण्यांच्या पक्षाचे दोन सभासद संसदेत निवडून गेले, तिथे मांजरांनी कालव्याकाठच्या मोक्याच्या जागेवर राहावे, यात नवल कसले?

बोटीने आमची सर्वांची मने फिरवली. लेकीने गावाबाहेरच्या दुसऱ्या एका आश्रमात वेळ ठरवली. अशा जागेला डच लोक ‘आसील’ म्हणतात. परदेशातून जीव मुठीत धरून आलेल्या माणसाला सरकार जो आश्रय देते, त्यालाही तोच शब्द. मला हा शब्द फार आवडला.

तिथे एकेका काचेच्या खोलीत एकेक मांजर. नातीला एक पांढरे खोडकर पिलू लगेच पसंत पडले. मी मात्र शेवटच्या खोलीपुढे थांबलो. खोली रिकामीच वाटली. एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचे खोके, त्याला एक भोक, आणि आत अंधारात दोन डोळे.

‘ही मॉइस,’ तिथल्या बाई म्हणाल्या. मॉइस म्हणजे उंदीर! सदा बिळात म्हणून हे नाव. राखी, पट्टेरी, चारेक वर्षांची. एका घरात नको तितकी मांजरे कोंडलेली सापडली, त्यांतली ही. पिलाला माणसाचा लळा लागायचा तो साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या दिवसांत तिला कुणी प्रेमाने हात लावला नसावा. पाच महिन्यांत कितीतरी लोक आले आणि शेजारच्या खोलीतली मांजरे घेऊन गेले.

‘मग ते खोके काढून का घेत नाही? बाहेर आली तर लोकांना दिसेल तरी,’ मी विचारले.

बाई हसल्या. ‘लपायला जागा असली, तरच ती एक दिवस बाहेर येईल,’ त्या म्हणाल्या. या त्यांच्या पदरच्या गोष्टी नव्हत्या. तिथून जवळच्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी आश्रमात नव्याने आलेल्या एकोणीस मांजरांवर हा प्रयोग केला आणि २०१४ साली प्रसिद्ध केला. दहांना खोके दिले, नवांना दिले नाही. खोकेवाली मांजरे कितीतरी लवकर सावरली.

मी त्या भोकाकडे पाहत राहिलो आणि साठ वर्षे मागे गेलो.

आम्ही गिरगावात दोन खोल्यांत सात माणसे राहत होतो. एका वर्षी मांजरी गोधड्यांच्या ट्रंकेत व्याली, तेव्हा वडिलांनी फर्मान काढले. गोणपाटात मांजरी घालून, तोंड बांधून मी बसने भाऊच्या धक्क्यावर गेलो. तिथे मासळी असते, तिचे बरे चालेल, अशी घरच्यांनी माझी आणि स्वतःची समजूत घातली होती. मी पोत्याचे तोंड सोडले. मला वाटले होते, ती सुसाट पळेल. ती बाहेर आलीच नाही. पोत्यातच अंग चोरून बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी मागे न पाहता बस गाठली. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. परळला बैल-घोडा हॉस्पिटल होते, पण मांजरीसाठी तिथे जावे, हे आमच्यापैकी कुणाला सुचणारही नव्हते.

‘आपण हीच न्यायची,’ मी लेकीला म्हटले. ती चकितच झाली.

पण खरी गंमत पुढे. बाईंनी आम्हांला बसवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातही इतके प्रश्न मी ऐकले नव्हते. घरात कोण कोण? येणारे-जाणारे किती? दिवसा घरी कोण असते? मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘मी असतो.’

‘आणि तुम्ही परत कधी जाणार?’

‘जुलैत,’ मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच बारीक वाटला.

बाईंनी वही मिटली. ‘तुमच्या घरी लहान मूल आहे, शनिवार-रविवार पाहुणे असतात. ज्या एका माणसाची तिला सवय होईल, तोच जुलैत निघून जाईल. घर चांगले आहे. पण हिच्यासाठी नाही. आम्हांला माया करणारे घर नको, वाट पाहणारे घर हवे.’

नातीच्या डोळ्यांत पाणी आले. मला अपमान वाटला, हे कबूल करतो. परतीच्या ट्राममध्ये मी गप्प होतो. घर आल्यावर मात्र कळले, की बाई बरोबर होत्या. मला मांजरी हवी होती ती माझ्या जुन्या पापाचे उतारे काढण्यासाठी. मॉइसला त्याचा काय उपयोग?

आमच्या खालच्या मजल्यावर एक डच आजीबाई राहत. वय ब्याऐंशी, यजमान जाऊन तीन वर्षे झालेली. सकाळी खिडकीतल्या जिरॅनियमला पाणी, दुपारी विणकाम, संध्याकाळी सहाला जेवण. घड्याळ बंद पडले तर त्यांच्याकडे पाहून लावून घ्यावे. आमच्या हिने नेऊन दिलेला बेसनाचा लाडू त्यांनी सुरीने चार तुकडे करून चार दिवस खाल्ला होता. वाट पाहणारे घर म्हणतात ते आणखी कसे असते?

मी जाऊन सगळी हकीकत सांगितली. ऐकून त्या बराच वेळ सुया हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मांजर पंधरा-सोळा वर्षे जगते. तिचे वय चार, माझे ब्याऐंशी. बेरीज तुम्हीच करा. एकदा सोडून दिलेल्या जिवाला मी पुन्हा सोडून जाऊ?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर लेकीने दिले. ती म्हणाली, ‘आज धीर तुमचा, पुढची वर्षे आमची. तुमच्या मागे मॉइस आमच्याकडे. तोवर माझी मुलगीही मोठी होईल.’ तिघी आश्रमात गेल्या आणि लेकीने तसे लिहून दिले. बाईंनी या वेळी वही मिटली नाही.

मॉइस एका शुक्रवारी आली. तिला सगळे घर दिले नाही. एकच खोली दिली. आत तिचेच खोके, पाणी, खाणे आणि दूरच्या कोपऱ्यात मातीचा डबा. नियम कडक होते. खोक्यात हात घालायचा नाही. टक लावून पाहायचे नाही. जमिनीवर बसायचे, आणि ती पाहू लागली तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडायचे. अशाने मांजर जवळ येण्याची शक्यता वाढते, असे इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२० साली दाखवून दिले आहे. आपल्याकडे गच्चीवर वाळवण राखत बसलेल्या आजीला हे कुणी शिकवले नव्हते. पण मांजरे तिच्याच मांडीवर का येत, हे मला आता कळले.

आजीबाईंनी मला रोज दुपारी अर्धा तास खोलीत बसून मोठ्याने वाचायला सांगितले, म्हणजे तिला माणसाच्या आवाजाची सवय होईल. माझ्याजवळ मराठी वाचायला होते ते लाडवांचे डबे गुंडाळून आणलेले वर्तमानपत्र. मॉइसने ठाण्याच्या पाणीकपातीची बातमी किमान नऊ वेळा ऐकली असेल.

पहिले सहा दिवस डोळेसुद्धा दिसले नाहीत. रात्रीतून बशी रिकामी होई, एवढाच काय तो पुरावा. नात रोज दारातून हळूच विचारी, ‘आली?’ आणि आजीबाई तितक्याच हळू सांगत, ‘येईल.’ अकराव्या दिवशी एक पंजा बाहेर आला. सोळाव्या दिवशी अर्धे डोके. एकविसाव्या दिवशी माझ्या हातून चष्मा पडला, तो आवाज झाला आणि मामला पुन्हा पहिल्या दिवसावर गेला. मी खजील झालो. आजीबाई म्हणाल्या, ‘बरे झाले. आवाज झाला तरी कुणी मारीत नाही, हेही तिला शिकायचेच होते.’

याच दिवसांत आम्ही प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरचे अ‍ॅन फ्रँकचे घर पाहून आलो. १९४२ च्या जुलैपासून १९४४ च्या ऑगस्टपर्यंत आठ माणसे त्या मागच्या खोल्यांत लपून राहिली होती. अ‍ॅनला आपले मांजर शेजाऱ्यांवर सोपवून यावे लागले; पीटरने मात्र आपले ‘मूशी’ सोबत आणले होते. नाव ऐकून आमच्या हिला वाघाची मावशी आठवली. पण मला त्या अरुंद जिन्यावर हसू आले नाही. लपणाऱ्याला भित्रा म्हणण्याआधी त्याने काय पाहिले आहे, हे विचारावे, एवढेच मनात आले.

जुलै उजाडला. निघण्याच्या आदल्या दुपारी मी शेवटचे वाचन केले. पाणीकपात संपवून जाहिरातींपर्यंत आलो. आजीबाई जमिनीवर उशी टाकून विणत होत्या. खोक्यातून मॉइस बाहेर आली, पोट जमिनीला घासत भिंतीकडेने चालत गेली, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता आजीबाईंच्या लोकरीच्या गोळ्याशी थांबली आणि त्यांच्या गुडघ्याला एकदा, एकदाच, डोके घासून परत खोक्यात गेली.

आजीबाईंच्या सुया थांबल्या नाहीत. फक्त त्यांचे डोळे सावकाश मिटले, आणि उघडायला पुष्कळ वेळ लागला.

मला थोडे वाईट वाटले का? वाटले. अर्धे वर्तमानपत्र मी वाचले होते! पण तेच योग्य होते. मी जाणार होतो आणि त्या राहणार होत्या. मॉइसला हा हिशेब आमच्या आधी कळला होता.

परवा लेकीचा फोन आला. मॉइस आता संध्याकाळी सहाला स्वयंपाकघराच्या दारात हजर असते. नातीला आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे, जमिनीवर बसून डोळे मिचकावण्याची परवानगी मिळाली आहे. ती पोर इतका वेळ गप्प बसते, हे तिच्या बाईंना शाळेत सांगून खरे वाटत नाही.

आमच्या इमारतीच्या जिन्याखालीही एक काळी मांजरी येऊन राहिली आहे. दिवाळीचे फटाके सुरू झाले, की तिची तारांबळ उडते. यंदा मी नव्या मिक्सरचे खोके टाकून दिले नाही. त्याला एक भोक पाडले, आत जुने धोतर अंथरले आणि जिन्याखाली, सगळ्यांत आतल्या बाजूला, नेऊन ठेवले. मंडळी विचारतात, ‘आली का आत?’

मी सांगतो, ‘येईल.’