बनावट

'बनावट' या शब्दाशी माझा गेली २२ वर्षं पोटापाण्याचा संबंध आहे. बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्याला नोटेची बनावट पाहावी लागते, आणि ती डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त. १०० नोटांच्या गड्डीत एखादी खोटी असली की अंगठा आपोआप थबकतो. आपली मराठीही मोठी गमतीची. वस्तूची घडण ती बनावट, आणि नोट खोटी असली तर तीही बनावटच! असो. असा हा अनुभवी अंगठा खिशात घालून मी चार वर्षांपूर्वी चिरंजीवांसाठी लॅपटॉप घेतला.

आम्ही पडलो कॉमर्सचे पदवीधर. दोन रकाने दिसले की आमची समाधी लागते. एका रद्द व्हाउचरच्या पाठीवर मी तक्ता आखला : प्रोसेसर, रॅम, एसएसडी, किंमत. एका नगात ८ जीबी रॅम, दुसऱ्यात १६. एकात २५६ जीबीची एसएसडी, दुसऱ्यात ५१२. किंमत दोन्हींची ४७ हजार. आता १६ मोठे की ८ मोठे, हे कळायला बी. कॉम. व्हावं लागत नाही. सेल होता, घरबसल्या मागवला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन शाखेत सर्वांना चहा पाजला.

त्या तक्त्यात बिजागरीचा रकाना नव्हता.

वॉरंटी १२ महिन्यांची होती. लॅपटॉप मोठा कायदेशीर निघाला, चौदाव्या महिन्यात मोडला. नांदेडच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून मला शवविच्छेदनच दाखवलं. बिजागरीचे स्क्रू पितळेच्या इवल्याशा नटांत बसवलेले, आणि ते नट नुसत्या प्लॅस्टिकमध्ये रोवलेले. पडदा उघडमीट करताना सारा जोर त्या प्लॅस्टिकवर. बिजागरी घट्ट, प्लॅस्टिक पातळ. एक दिवस 'कट्' झालं आणि नट मुळासकट बाहेर.

"पण काका, प्रोसेसर एकदम मस्त आहे बरं का!" तो म्हणाला. म्हणजे रुग्णाचं डोकं शाबूत, फक्त मान राहिली नव्हती.

पुढची दोन वर्षं चिरंजीवांनी पडदा माझ्या अकाउंटन्सीच्या जाडजूड पुस्तकाला टेकवून इंजिनिअरिंग केलं. कॉमर्सने इंजिनिअरिंगला दिलेला एवढा भक्कम आधार दुसरीकडे सापडायचा नाही.

यंदा कन्येला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. रोज चुडाव्याहून पॅसेंजरने नांदेडला अपडाऊन. ती गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला लॅपटॉपची काळजी कशी करायची हे सांगावं लागत नाही. घरात परिषद भरली. मेव्हणे प्रोसेसर-पक्षाचे. "दाजी, आत काय आहे ते बघा. डब्याला काय चाटायचंय?" चिरंजीव अनुभवाने शहाणे झालेले. ते म्हणाले, "बाबा, एसएसडी मागाहून बदलता येते. जागा मोकळी असेल तर रॅमही वाढवता येते, फक्त ती बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली नाही ना, तेवढं विचारा. पण बिजागरी, कीबोर्ड आणि पडदा जे पहिल्या दिवशी मिळतील तेच शेवटपर्यंत. जे नंतर घालता येत नाही, त्याला आधी पैसे द्या."

एवढं शहाणपण माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मला कोणत्याही परिपत्रकात सापडलं नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं वजिराबादेत गेलो. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, हा मिलिटरी ग्रेड आहे. अमेरिकन आर्मीचं स्टँडर्ड!" हे स्टँडर्ड खरं आहे. एमआयएल-एसटीडी-८१० असं त्याचं नाव, आणि १९६२ पासून ते चालत आलं आहे. पडणं, हादरे, धूळ, उष्णता अशा बऱ्याच चाचण्या त्यात आहेत. पण लष्कर लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही, आणि कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते. म्हणजे परीक्षार्थीनेच विषय निवडायचे! शिवाय अमेरिकन लष्कराने आमची सकाळची पॅसेंजर पाहिलेली नाही.

आणखी एक नवल. पितळेचं पातेलं घ्या, स्टीलचा डबा घ्या, वजन जास्त तर भाव जास्त. इथे उलटं. जितका हलका तितका महाग!

शेवटी दोन उरले. एक ४९ हजारांचा, सगळे आकडे मोठे. दुसरा ६१ हजारांचा, रॅम निम्मी, पण एक जागा मोकळी. कन्येने दुसरा हातात घेतला, कळांवरून बोटं फिरवली, आणि हळूच ठेवून दिला.

"बाबा, पहिलाच घेऊ. मी जपून वापरीन."

हे वाक्य आमच्या घरात पिढीजात आहे. चिरंजीवही हेच म्हणाले होते. वडिलांनी मला जुनी सायकल घेऊन दिली तेव्हा मीही हेच म्हणालो होतो, आणि पुढे वर्षभर ती चालवण्यापेक्षा हातात धरूनच जास्त चाललो. कच्च्या वस्तूची निम्मी किंमत आपण पैशात देतो. उरलेली जपण्यात फेडत बसतो, आणि त्या हप्त्यांची पावती मिळत नाही.

मी मनात भागाकार केला. ४७ हजार भागिले १४ महिने, म्हणजे महिन्याला ३,३५७ रुपये. ६१ हजारांचा पाच वर्षं टिकला तर महिन्याला हजार आणि वर थोडे. पण टिकेल कशावरून? नुसता भक्कम डबा आणि आत जुनाट प्रोसेसर, म्हणजे तिजोरीत चिल्लर ठेवल्यासारखं. हाही घोळ नको.

तेवढ्यात आमच्या सौ. पुढे झाल्या. त्यांनी माठ निवडताना लावतात तसा हात लावला. एका कोपऱ्याला धरून उचलला आणि कान दिला, कुरकुरतो का. कीबोर्डाच्या मधोमध अंगठा दाबला, दबतो का. मग एका बोटाने झाकण उघडलं. खालचा भाग जागचा हलला नाही. पहिल्याचं झाकण उघडताना अख्खा लॅपटॉपच वर आला.

"अहो, मडकंसुद्धा वाजवून घेतो आपण. प्रोसेसर कालचा नाही ना, एवढं पोरीला विचारा. बाकी हाच घ्या."

नोटा मोजणारा मी, आणि अंगठा वापरला हिने!

सोमवारी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. पॅसेंजर आली, गर्दी उसळली, आणि कन्येने इमर्जन्सी खिडकीतून बॅग आत टाकून सीट धरली. लॅपटॉपसकट! माझ्या छातीत धस्स झालं. "अगं, जपून" हे शब्द ओठांवर आले, आणि मी ते गिळले. १२ हजार जास्त दिले होते ते एवढ्याचसाठी, की ते मला म्हणावं लागू नये.

संध्याकाळपर्यंत मात्र दोन व्हाउचर चुकवली.