जिभेवरची अमानत

अल्लाहने प्रत्येक माणसाला काही ना काही देणगी दिलेली असते आणि त्या देणगीतच त्याच्या जन्माचे काम दडलेले असते, असे जुम्म्याच्या बयानात आपण नेहमी ऐकतो. ऐकताना डोळ्यांसमोर गोड गळा, सुंदर अक्षर, गणिताचे डोके अशा गोष्टी येतात. आम्हा कोरपन्याच्या माणसांना जे मिळाले ते मात्र बरीच वर्षे देणगी वाटलेच नाही. ती खोट वाटायची. आमची जीभ भेसळीची होती.

चंद्रपूर जिल्ह्यातला आमचा हा भाग तेलंगणाला लागून आहे. निजामाच्या राज्यात आम्ही राजुरा तालुक्यात, आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ साली भाषावार राज्ये झाली तेव्हा राजुरा नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला. म्हणजे घराचा उंबरठा न हलवता आमच्या आजोबांनी तीन जिल्हे पाहिले. आठवडी बाजारात आजही मिरचीचा भाव कुणी ‘एंता?’ म्हणून तेलुगूत विचारतो. गोंड म्हातारी ‘उंदी, रंड, मुंद’ म्हणत पैसे मोजते. माणिकगडच्या डोंगराकडून आलेले कोलाम आपसात कोलामी बोलतात, कापसाचा व्यापारी मराठीत हिशेब करतो आणि आमच्या घरात दखनी. या सगळ्या भाषा आम्ही शिकलो नाही, त्या कानात पडत गेल्या. त्याचे कौतुक कोण करणार? नागपूरचे पाहुणे आमच्या उर्दूला हसायचे, शाळेतली मुले आमच्या मराठीला. आमचा ‘नक्को’ ऐकला की एक मामू कपाळाला हात लावायचे. तो शब्द आम्ही मराठीच्याच घरून आणला आहे, हे त्यांना कोण सांगणार!

मोठे झाल्यावर सीरतची पुस्तके वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांनी आपल्या सोबत्यांना एकाच मापाने मोजले नाही. अजानचे शब्द हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात कळले, पण पुकारण्याचे काम मिळाले हजरत बिलाल (रजि.) यांना, कारण आवाज त्यांचा बुलंद होता. हजरत अबू जर (रजि.) यांच्यासारख्या प्रिय सहाबींनी अधिकाराचे पद मागितले, तेव्हा पद ही अमानत आहे आणि तुम्ही त्यासाठी दुबळे आहात, असे त्यांना मायेने पण स्पष्ट सांगितले गेले. आणि हजरत जैद बिन साबित (रजि.)! वय लहान म्हणून हा मुलगा बद्रच्या लढाईतून परत पाठवला गेला. पुढे त्यालाच यहुद्यांची लिपी शिकायला सांगितले, कारण पत्रव्यवहारात परक्यावर विसंबून चालणार नव्हते. पंधरवड्यात तो ती शिकला. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात कुरआन एकत्र करण्याचे काम त्याच्याकडेच आले. लढाईतून घरी पाठवलेल्या पोराचे खरे काम दुसरीकडे होते.

आमच्याच मुलखातले उदाहरण हवे असेल तर सेतुमाधवराव पगडींचे घ्यावे. १९१० चा जन्म, मूळ निलंग्याचे, हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतले अधिकारी. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारले गेले, तेव्हा निजाम सरकारला आदिलाबादच्या गोंडांची आठवण झाली. हायमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आले, मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, गोंडी वाचनाची पुस्तके देवनागरीत तयार झाली. त्या दिवसांत पगडी आदिवासींच्या कामावर आदिलाबादेत होते. दुर्दैव असे होते की जमिनीचा कागद उर्दूत, जमीन कसणारा गोंडी बोलणारा आणि मध्ये दोघांना खेळवणारे लोक. पगडी गोंडी शिकले, कोलामी शिकले. गोंडीचे व्याकरण लिहिले. पुढे याच माणसाने गालिब आणि इक्बाल मराठीत आणले, सूफी संप्रदायावर ग्रंथ लिहिला, फारसी कागदांतून इतिहास बाहेर काढला. १९९२ साली पद्मभूषण मिळाले, १९९४ साली ते गेले. त्यांच्यापेक्षा कायदा जास्त जाणणारे अधिकारी त्या काळी पुष्कळ असतील. पगडींना कान मिळाला होता आणि तो त्यांनी कुणासाठी वापरायचा हे ठरवले होते. त्यांच्याकडे हुद्दा होता, पगार होता, आमच्याकडे काय, असे कुणी म्हणेल. तेही खरे आहे.

आमचे अब्बा राजुऱ्याला तहसीलबाहेर अर्ज लिहीत. निजामकाळचे कागद ते सरळ वाचत. शिकस्ता म्हणजे घाईने लिहिलेले मोडके उर्दू अक्षर, नुकते गाळलेले, शब्द एकमेकांत घुसलेले. ते वाचायला त्यांनी आम्हाला बसवले, आम्ही कंटाळत बसलो. फसली सालात ५९० मिळवायचे की इसवी सन येतो, एवढे तेव्हाच पाठ झाले. या विद्येला बाजारात किंमत नव्हती. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम आठवण झाली. आमच्याकडे मात्र अशी माणसे त्याआधीपासून येत होती.

त्यातलेच एक गोंड कुटुंब. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, जात पडताळणी अडलेली. १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून पणजोबांच्या शाळेतली दाखल-खारीज नोंदवही सापडली, पण ती उर्दूत. ‘कौम’च्या रकान्यातला शब्द आधी कुणीतरी ‘गौड’ असा वाचून दिला होता. गौड म्हणजे तेलुगू मुलखातली ताडी काढणारी जात, ती अनुसूचित जमात नाही. म्हातारा आमच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “भाऊ, नीट वाचून सांगा जी. आम्ही गोंडच आहो.”

म्हातारा म्हणतो म्हणून ‘गोंड’ वाचायचे, हेही खोटेच झाले असते. आम्ही नोंदवहीच्या नकला दोन दिवस ठेवून घेतल्या. ‘गोंड’ लिहिताना ‘वाव’नंतर ‘नून’चा एक बारीक दात येतो आणि त्यावर नुकता. इथे नुकता नव्हता, पण दात होता. तो शाईचा फराटा नाही कशावरून? त्याच हाताने त्याच वहीत आमच्या तालुक्यातल्या नारंडा गावाचे नाव चारदा लिहिले होते. नारंड्यातही ‘नून’ आणि ‘डाल’ अगदी तसेच जोडून येतात. चारही ठिकाणी दात होता आणि चारही ठिकाणी नुकता गाळलेला. लिहिणाऱ्याची सवयच तशी होती. आम्ही ते पाच शब्द एका कागदावर शेजारी शेजारी उतरवून दिले आणि अधिकृत अनुवादकाकडून पुन्हा वाचून घ्या म्हणून सांगितले. त्यांनीही ‘गोंड’च वाचले. प्रकरण अजून समितीपुढे आहे.

त्या दोन दिवसांत अब्बांची फार आठवण झाली. दादीचीही. दादी निरक्षर होती, पण अब्बांना म्हणायची, “जबान मिली है बेटा, बेचना नक्को.” तिने पाहिले होते. दोन्ही भाषा जाणणारे लोक मध्ये बसून अंगठे कसे घेत, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना सांगायची गरज नाही. त्यांत आपलेही लोक होते. तीच जीभ, तेच ज्ञान. अल्लाहची देणगी आपोआप कुणाला नेक करत नाही.

हा प्रश्न आता आमच्या घरात पुन्हा उभा राहिला आहे. आमचा पुतण्या गणितात दोनदा नापास झाला. पण कोलाम पोरांबरोबर गुरे राखत वाढल्यामुळे कोलामी अशी बोलतो की त्यांच्यातली म्हातारी माणसेही चमकतात. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. त्यांची भाषा बोलणारा कारकून आम्ही तरी कोणत्या कचेरीत पाहिला नाही. मागच्या वर्षी जमिनीचा एक दलाल या पोराला न्यायला आला. नुसते सोबत चल, दोन शब्द त्यांच्या भाषेत बोल, एका दिवसाचे दोन हजार देतो, म्हणाला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणून त्याला आधी ‘संमती’चे अंगठे हवे होते.

भावजय म्हणाली, “जाऊ दे ना. आपण नाही गेलो तर दुसरा कोणी जाईल.” ती लोभी बाई नाही. सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे मुलगा लागावा म्हणून तिने किती उंबरठे झिजवले, ते आम्हाला ठाऊक आहे. दोन हजार म्हणजे तिच्या घरचा आठवड्याचा किराणा. आम्ही तिला सहाबींच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. रिकाम्या डब्यांपुढे उभ्या असलेल्या बाईला तसल्या गोष्टी सांगू नयेत असे आम्हाला वाटते.

पोरगा गेला, पण दलालाबरोबर नाही. आदल्या संध्याकाळीच तो सायकलवर पोडावर गेला आणि त्या कागदात काय लिहिले आहे ते म्हातारीला कोलामीत ओळ न ओळ सांगून आला. काय करावे हे सांगितले नाही, फक्त काय लिहिले आहे ते. दुसऱ्या दिवशी तिने अंगठा दिला नाही. दलालाने आमच्या दारात येऊन जे ऐकवायचे ते ऐकवले. पोराला पैसे मिळाले नाहीत. म्हातारीने पसाभर चारोळी दिली, ती भावजयीने न बोलता शिऱ्यात टाकली.

आता असरनंतर तो आमच्याजवळ बसतो. उर्दूची अक्षरे त्याला मदरशामुळे येतात, शिकस्ता येत नाही. त्याच नोंदवहीच्या नकला आम्ही त्याच्यापुढे ठेवल्या आहेत. अजून ‘नून’ आणि ‘ते’च्या दातात गोंधळतो. पण परवा एका पानावर त्याने बोट ठेवले आणि विचारले, “चाचा, इथं तर नुकता दिलाय. हा लिहिणारा दुसराच कोणी आहे का?” आम्ही चष्मा पुसून पाहिले. हात खरोखरच दुसरा होता.